लग्नाचे फोटो: कॅमेऱ्याआधी उजेड आणि वेळ ठरवा

लग्न ठरलं की जोडपी भेटायला येतात आणि बोलणं सुरू होतं ते कॅमेऱ्यापासून. कोणता वापरता, लेन्स किती, ड्रोन आहे का. मी उत्तरं देते, पण माझ्या डोक्यात भलतंच चाललेलं असतं. मुख्य विधी किती वाजता आहे, आणि त्या वेळी तुमच्या तोंडावर उजेड कुठून येणार? हे बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. फोटो चांगले यायला जे लागतं त्यातलं बरंचसं तुम्ही दोघं माझ्याकडे येण्याआधीच ठरवून मोकळे झालेले असता: जागा घेताना, वेळ पक्की करताना, सजावटवाल्याला मान डोलावताना. म्हणून हे सगळं आधीच सांगून ठेवते.

जागा बघायला जाल तेव्हा

सगळे जागा बघायला संध्याकाळी जातात, कामावरून सुटल्यावर. दिवे लागलेले असतात, सगळं छान दिसतं. लग्न मात्र भर दुपारी असतं. तेव्हा ज्या वेळेला लग्न आहे त्याच वेळेला जा. एकानं विधी जिथे होणार तिथे उभं राहायचं आणि हळूहळू चारही दिशांना वळायचं, दुसऱ्यानं मोबाइलवर फोटो काढायचे. ज्या दिशेला डोळ्यांखाली काळं पडत नाही आणि बुबुळात उजेडाचा ठिपका दिसतो, ती दिशा लक्षात ठेवा. स्टेजचं तोंड तिकडे करता येईल का, हे आगाऊ पैसे देण्याआधी विचारा, नंतर नाही.

पाठीमागे मोठी खिडकी असलेल्या स्टेजची सगळ्यांना भुरळ पडते. कॅमेऱ्याला मात्र तिथे दोनच पर्याय राहतात: चेहरे दिसतील असा फोटो काढला तर खिडकी पांढरीफटक, खिडकी राखली तर चेहरे काळवंडलेले. जोरदार फ्लॅश मारून मधला मार्ग काढता येतो, पण मग त्या खिडकीची मजा उरत नाही. तीच खिडकी बाजूला असली की मी खूश. एका जोडप्यानं माझ्या सांगण्यावरून स्टेज नुसतं काटकोनात फिरवलं. सजावटवाला कुरकुरला, कारण त्याची फुलांची कमान दारातून दिसेनाशी झाली. पण त्या लग्नात दिवसभर मला फ्लॅशची गरज पडली नाही.

उघड्यावरचं लग्न असेल तर भर दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि सगळे डोळे बारीक करतात. झाडाखाली जावं तर पानांतून गळणाऱ्या उन्हाचे कवडसे गालावर, नाकावर पडतात. ते एडिटिंगमध्येही धड निघत नाहीत. त्यापेक्षा इमारतीची सलग सावली कधीही बरी. वर कापड बांधणार असाल तर पांढरं किंवा मोतिया घ्या. लाल कापडातून गाळून आलेला उजेड लालच असतो, आणि त्यात सगळे पाहुणे ताप आल्यासारखे दिसतात.

आता दिव्यांचं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: साधा पिवळा बल्ब साधारण ३००० केल्विनचा, दिवसाचा उजेड साधारण ५५०० चा. दोन्ही एकाच वेळी तोंडावर पडले की अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळसर. आपला मेंदू ते सांभाळून घेतो, कॅमेरा नाही. यापेक्षा वाईट जांभळे-निळे एलईडी. ‘नंतर रंग काढून टाका ना’ असं मला हमखास सांगितलं जातं. पण त्या उजेडात त्वचेला लागणारे बाकीचे रंग मुळातच नसतात, मग परत आणायचे कुठून? असे फोटो शेवटी कृष्णधवल करून द्यावे लागतात. रंगीत दिवे नाचायच्या वेळी खुशाल लावा, तिथे शोभतात. विधीच्या वेळी मात्र स्टेजवर एकाच जातीचा पांढरा उजेड हवा, हे दिवेवाल्याला लेखी सांगा.

स्वस्त एलईडी लुकलुकतातही. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याच्या आवाज न करणाऱ्या शटरमध्ये फोटोवर आडवे पट्टे उमटतात. अशा ठिकाणी मी मुद्दाम खटखट वाजणारं शटर वापरते. शांत क्षणी तो आवाज आला तर वळून डोळे वटारू नका, तुमच्याच भल्यासाठी चाललंय.

माणूस निवडताना

कुणाच्याही पेजवरचे निवडक तीस फोटो सुंदरच असतात. एका लग्नाचा पूर्ण संच मागा, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, शक्यतो तुमच्यासारख्याच जागेतला आणि त्याच वेळेचा. अंधाऱ्या हॉलमधले फोटो कसे आलेत? गर्दीत आई-वडिलांचे चेहरे सापडतात का? की नुसती नवरा-नवरी आणि त्यांचे बूट? मग विचारा: प्रत्यक्ष कोण येणार? भेटायला एक आणि लग्नाला दुसराच, हे या धंद्यात सर्रास चालतं. फोटोग्राफर आजारी पडला तर त्याच्या जागी कोण? आणि कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवले जातात का? या शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

मेगापिक्सेलची चौकशी सोडून द्या. १२ बाय १८ इंचांचं अल्बमचं पान इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचं तर ३६०० गुणिले ५४०० ठिपके लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेलच्या आत. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याला पुरून उरतो.

करारात तास, माणसं, फोटो मिळायची तारीख, अल्बमची पानं, दुरुस्त्या किती वेळा, रद्द झालं तर पैशांचं काय, हे सगळं लिहून घ्या. कार्यक्रम लांबला तर जादा तासांचं काय, हेही. फोटोंवरच्या हक्कांचा कायदा देशागणिक बदलतो. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. अमेरिकेत तो सहसा फोटोग्राफरच राहतो. तेव्हा तुमचे फोटो आम्ही जाहिरातीला वापरायचे की नाही, हे एका ओळीत लिहून टाका. नको असतील तर नको म्हणा, आम्हाला राग येत नाही. (थोडा येतो.)

रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या फाइली, मागायचा आग्रह मात्र धरू नका. त्यात सहसा १४ बिट माहिती असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या. नेहमीच्या जेपेग फोटोत फक्त २५६. त्या जादा पायऱ्या एडिटिंगसाठी असतात. न शिजवलेली रॉ फाइल फिकी आणि मलूल दिसते, ती नातेवाइकांना पाठवलीत तर नाव माझं खराब.

वेळापत्रक

मेकअपला उशीर होतो. नेहमी होतो. आणि तो उशीर कुठून तरी वसूल होतो. विधीतून होत नाही, जेवणातून होत नाही, तर तुमच्या दोघांच्या फोटोंच्या वेळेतून होतो. त्यावर एकच उपाय: मेकअपवालीला खऱ्या वेळेच्या एक तास आधीची वेळ सांगा. ज्या खोलीत तयार होणार तिथे खिडकीजवळचा एक कोपरा बॅगा, हँगर आणि पाण्याच्या बाटल्यांपासून मोकळा ठेवा. खुर्ची खिडकीला लागून, तोंड खिडकीकडे, खोलीतले पिवळे दिवे बंद. मेकअपही त्यात नीट होतो.

दोघांच्या फोटोंसाठी सूर्यास्ताआधीचा तास राखा. तुमच्या तारखेला सूर्य किती वाजता मावळतो ते आजच बघून घ्या. पूर्ण तास नको, अर्धा पुरे, पण तो अर्धा तास फक्त तुम्हा दोघांचा. मैत्रिणींचा घोळका बरोबर आला की तुम्ही त्यांच्यासाठी हसू लागता.

खरी लढाई ग्रुप फोटोंची. एका ग्रुपला दोन ते तीन मिनिटं धरा, त्यातला बहुतेक वेळ माणसं गोळा करण्यात जातो. पंधरा ग्रुप म्हणजे पाऊण तास. यादी आधी करा आणि दोन्हीकडून एकेक माणूस नेमा, ज्याला सगळे चेहरे ओळखता येतात आणि ज्याचा आवाज मोठा आहे. हे मी करू शकत नाही. मी ‘मावशी, इकडे या’ म्हटलं की सहा जणी वळतात. सुरुवात वयस्कर मंडळींपासून, म्हणजे त्यांना नंतर निवांत बसता येतं. मोठ्या ग्रुपमधून मग माणसं कमी करत जायचं, पुन्हा पुन्हा बोलावत बसायचं नाही.

एका ग्रुपचे पाच-सात फोटो का काढते, असं काकामंडळी विचारतात. डोळे मिटतात म्हणून. निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या ऑस्ट्रेलियातल्या जोडगोळीनं त्याचा हिशेबच मांडला आणि २००६ साली गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीशीर बक्षीस, मिळवलं. वीसच्या आतल्या ग्रुपसाठी त्यांचा नियम सोपा आहे: उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीननं भागा, वाईट असेल तर दोननं. अठरा माणसं असतील तर चांगल्या उजेडात सहा फोटो, वाईटात नऊ. पन्नासच्या आसपास गेलात की सगळ्यांचे डोळे एकाच वेळी उघडे मिळायची आशा जवळपास सोडायची. म्हणून ‘अख्ख्या खानदानाचा एक’ हा फोटो मी काढते, पण त्यावर विसंबून राहू नका.

घरातल्या नाजूक गोष्टी मला आधी सांगा, आणि संकोच न करता सांगा. एका मुलानं आठवडाभर आधी फोन केला: ‘ताई, आई-बाबा वेगळे झालेत. त्यांना शेजारी उभं करू नका, आणि ते का ते तिथे विचारूही नका.’ मग आईबरोबरचे फोटो तयारीच्या खोलीत सकाळीच उरकले, बाबांबरोबरचे स्टेजवर. कुणाला काही कळलं नाही. कुणी नुकतंच गेलं असेल, कुणाला गुडघ्यामुळे उभं राहता येत नसेल, कुणाला फोटोच नको असेल, तर तेही.

व्हिडिओवाले वेगळे असतील तर त्यांची आणि आमची आधी फोनवर गाठ घालून द्या. नाहीतर ऐन क्षणी त्यांचा दिवा माझ्या फोटोत आणि माझी पाठ त्यांच्या व्हिडिओत. पाहुण्यांनी विधीच्या वेळी मोबाइल खाली ठेवावेत असं वाटत असेल तर ते कुणीतरी जाणत्यानं माइकवरून सांगावं. मी सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

कपडे, चेहरा, चश्मा

झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन किंवा पावडर फ्लॅशमध्ये पांढरी चमकू शकते. मान सावळी आणि चेहरा पिठात बुडवल्यासारखा. मेकअपच्या रंगीत तालमीला मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा. अगदी बारीक, दाट रेघांचे कपडे टाळा, कॅमेऱ्यात त्यावर इंद्रधनुषी लाटा उमटतात. उन्हात काळ्या होणाऱ्या काचांचा चश्मा असेल तर त्या दिवसापुरता साध्या काचांचा घ्या, कारण आत आल्यावरही तो काही मिनिटं काळाच राहतो. काचेत दिव्यांचं प्रतिबिंब येत असेल तर काड्या कानांवर किंचित वर उचला, काच खाली झुकते आणि चकाकी जाते. आणि खिशातला मोबाइल काढून ठेवा. देखण्या पोशाखावर मांडीशी उठलेला तो चौकोन मला प्रत्येक लग्नात दिसतो.

प्री-वेडिंगबद्दल माझं मत विचारतात. डोंगर, नौका, धूर सोडणाऱ्या कांड्या यांत मला रस नाही. पण लग्नाआधी तासभर कुठल्याही बागेत भेटा, साध्या कपड्यांत. तुम्हाला माझी सवय होते, आणि हसताना कोण मान खाली घालतं, कोणाला डावी बाजू आवडते, हे मला कळतं.

लग्नाच्या दिवशी माझ्यासाठी एवढंच करा: सगळं थोडं सावकाश. हात हातात घेतलात की दोन श्वास तसेच थांबा. माझ्याकडे बघू नका, हवं असेल तेव्हा मीच हाक मारीन.

फोटो हातात आल्यावर

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान होतो. छापायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइलींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर: क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी. पेन ड्राइव्हवर एकट्यावर भरवसा नको. अल्बमचे फोटो निवडताना दोघांनी वेगवेगळ्या याद्या करा आणि दोन्हींत असलेले आधी घ्या. आई-बाबांना पाच-दहा जागा राखून ठेवा, म्हणजे वाद निम्मे होतात. आणि डाउनलोडची लिंक बंद व्हायच्या आत सगळं उतरवून घ्या. उतरवल्यावर अधूनमधून काही फाइली उघडून बघा, विशेषतः शेवटच्या फोल्डरमधल्या. डाउनलोड अर्धवट तुटतं ते बहुधा तिथेच.