गोधडीच्या सत्राआधीची तयारी

कार्यालयातील किंवा संस्थेतील १२ जणांच्या गटाने मिळून एक लहान गोधडी शिवायची असेल, तर तयारी सुईदोऱ्यापासून नव्हे, आठवडाभर आधी पाठवायच्या निरोपापासून सुरू होते. "घरून जुने कापड आणावे" एवढेच लिहिले, तर कोणीतरी गेलेल्या आईचे लुगडे घेऊन येते आणि कात्री समोर आली की त्या व्यक्तीचा हात थबकतो. दादरच्या एका सत्रात असेच झाले, "मी कापून देऊ का?" असे मी घाईने विचारले, तेव्हा त्या बाईंनी काही न बोलता लुगड्याची घडी घालून ते पिशवीत ठेवले. तेव्हापासून निरोपात "कापले तरी चालेल असे, धुतलेले सुती कापड" हे शब्द मी न चुकता घालते. तरीही जपलेले वस्त्र आलेच, तर पदराच्या सुटलेल्या दशा चौकोनावर दोन टाक्यांनी धरता येतात, हा पर्याय आपल्याला आधीच सुचलेला असावा.

रिकाम्या हाताने येणाऱ्यांसाठी कापड जवळ असावे. मुंबईतले मंगळदास मार्केट हा कापडबाजार सोयीचे ठिकाण आहे, मात्र ते रविवारी बंद असते. नवे कापड रात्रभर भिजवून त्याची खळ काढावी, गडद कापड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का ते पाहावे, आणि पावसाळा असेल तर वाळण्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवावेत. चौकोन २० सेंटिमीटरचे कापले आणि चारही बाजूंनी एक सेंटिमीटर शिवणीत गेले, तर तीन-तीन चौकोनांच्या चार पट्ट्यांची ५४ बाय ७२ सेंटिमीटरची गोधडी होते. पट्टी तिघांनी मिळून शिवायची असल्यामुळे गट आपोआप पडतात. साहेब आणि त्यांच्या हाताखालचे लोक एकाच पट्टीवर येऊ नयेत, एवढे पाहावे. अस्तर लावण्याचे काम नंतर आपणच करावे, कारण दोन तासांत ते होत नाही.

सुया आदल्या रात्रीच ओवून ठेवाव्यात. चाळिशीच्या पुढच्यांची पहिली दहा मिनिटे नाहीतर सुईच्या नेढ्यातच जातात, आणि लोकल उशिरा आली की वेळ आणखी कमी पडतो. अंगुस्ताने, टाचण्या, शिंप्याचा खडू, कात्र्या आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या ही यादी सरळ आहे.

बोलण्याची तयारी त्याहून अवघड असते. आपण समुपदेशक नसू, तर "हाच रंग का घेतलात?" असे विचारून कोणाच्या मनाचा अर्थ लावू नये. कोणी बोलू लागले तर ऐकावे, आणि गप्प राहण्याची मुभा सुरुवातीलाच जाहीर करावी. छायाचित्रे काढायची का, हे वरिष्ठांना नव्हे, सहभागींना विचारावे. कोणाला फार जड गेले, तर सोबत बाहेर जाऊन बसेल असा एक सहकारी आधीच ठरवावा आणि टेलि-मानस या मानसिक आधार देणाऱ्या मोफत, चोवीस तास चालणाऱ्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा.

सुया मोजून द्याव्यात, मोजूनच परत घ्याव्यात, आणि एक जरी कमी भरली तरी सतरंजी झटकण्याआधी तिच्यावरून चुंबक फिरवावा.