फोडाफोडीच्या आधी: नळाची लाइन दुरुस्तीला आलीय की बदलायला?

गळती लागली की लोक फोनवर पहिलं विचारतात, "किती फोडावं लागेल?" हा प्रश्न नंतरचा. आधी कळायला हवं की गळतंय ते पाणी कुठलं आहे: नळाचं, सांडपाण्याचं की पावसाचं. ते नक्की होईपर्यंत छिन्नी पिशवीतून काढायची नाही, अशी माझ्या वडिलांची सक्त ताकीद असायची. ते पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपच्या, लाइनी टाकायचे. मी आता त्याच लाइनी उपसतो आणि वाघोली, हिंजवडीकडच्या टॉवरमध्ये सीपीव्हीसीची, म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपांची, कामं करतो. दोन्हीकडची दुखणी वेगळी, त्यामुळे आपल्या घरात पाइप कुठला आहे हे आधी बघून घ्या.

डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, डोकवा, नाहीतर गिझरच्या मागे आणि बेसिनखाली बघा. चुंबक चिकटलं तर जीआय. फिकट पिवळसर, सायीच्या रंगाचा असेल तर सीपीव्हीसी, तो गरम पाण्यालाही चालतो. पांढराशुभ्र म्हणजे यूपीव्हीसी, फक्त गार पाण्याचा. हिरवा असेल तर पीपीआर, त्याचे सांधे गरम करून जोडलेले असतात. आपल्याकडे सीपीव्हीसी रुळला तो २००० नंतर, त्यामुळे त्याआधीच्या इमारतीत भिंतीच्या आत जीआयच असणार असं धरून चाला. बाहेर नवा प्लॅस्टिकचा पाइप दिसतो म्हणून फसू नका. सोसायटीने डक्टमधली लाइन बदललेली असते आणि तुमच्या बाथरूमच्या भिंतीतली जुनीच राहिलेली असते.

ओल कशाची आहे

माझा ठरलेला प्रश्न असतो, "मध्ये गावाला गेला होतात का? आल्यावर डाग कसा होता?" घर चार दिवस बंद, मेन कॉक मात्र चालू, आणि तरी डाग ओलाच राहिला, तर पाणी नळाच्या लाइनचं. तिच्यात तुम्ही घरात असा-नसा, दाब असतोच. डाग वाळून कडेला पिवळा पडला असेल तर ते अंघोळीचं पाणी: नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं भांडं), फरशीचे सांधे, नाहीतर खालचं वॉटरप्रूफिंग. जूनमध्ये येऊन दिवाळीच्या सुमाराला जाणारी ओल बहुधा बाहेरच्या भिंतीची किंवा गच्चीची असते, तिच्यासाठी प्लंबर नको. डाग तुमच्या छताला असेल तर गावाला जाण्याचा प्रश्न वरच्यांना विचारायचा, आणि भांडण व्हायच्या आधी विचारायचा. सोसायटी पाणी वेळेवरच सोडत असेल तर ओल त्या वेळेशी जुळते का, तेही बघा.

भिंतीला लोणा लागलाय, रंगाचे पोपडे सुटलेत, एवढ्यावरून काही ठरत नाही, तो तिन्ही पाण्यांनी लागतो. पण टाइल किंवा फरशी हाताला कोमट लागली तर शोध संपला. गरम पाण्याची लाइन आत गळतेय. ओल स्विचबोर्डाच्या आसपास असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतला खटका, पाडा.

आणखी एक चौकशी मी करतो: हल्ली भिंतीत काय ठोकलं? आरसा, टॉवेलचा दांडा, कोपऱ्यातलं रॅक. ड्रिल पाइपला लागलं तरी स्क्रू भोक दाबून धरतो, म्हणून त्या दिवशी काहीच दिसत नाही. पुढे स्क्रू गंजतो, ढिला होतो आणि काही महिन्यांनी ओल दिसायला लागते. तोवर रॅकची कुणाला आठवणही नसते.

लाइन दाब धरते का, हे घरच्या घरी तपासता येतं. गिझरचं बटण बंद करा. सगळे नळ बंद करा, फ्लश टँकचा अँगल कॉक, म्हणजे टँकखालचा छोटा कॉक, तोही बंद करा, कारण टँकचा वॉशर गेला असेल तर तो खोटी साक्ष देतो. मग त्या बाथरूमचा मेन कॉक बंद करा. तासाभराने एक नळ हळूच उघडा. दाबाने पाण्याची चिळकांडी आली तर लाइन शाबूत आहे. पाणी मरगळल्यासारखं आलं, किंवा नळाने सूं करून हवा आत ओढली, तर तेवढ्या वेळात पाणी दुसरीकडून निघून गेलंय. आता गिझरचा इनलेट कॉक (गार पाणी गिझरमध्ये जातं तिथला) बंद ठेवून हेच पुन्हा करा, नळ मात्र गार पाण्याचाच उघडा. या वेळी दाब टिकला तर गळती गरम लाइनीत, नाही टिकला तर गार लाइनीत. मेन कॉक नीट बसत नसेल तर मात्र हे सगळं फुकट जातं, त्यामुळे नळ उघडल्यावर पाणी थोड्या वेळात पूर्ण थांबतं का, तेवढं बघून घ्या.

बंगल्याला किंवा स्वतःची टाकी असणाऱ्यांना याहून सोपं आहे. रात्री टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खडूची खूण करायची आणि सकाळी उठून बघायचं.

जीआय: पहिली गळती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो

जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. जस्त आहे तोवर लोखंड वाचतं. पण जोडण्यासाठी आटे पाडतात तेव्हा तिथलं जस्तही जातं आणि पाइपची जाडीही कमी होते. म्हणून जुन्या लाइनीचा पहिला थेंब जवळजवळ नेहमी आट्यांशी, एल्बोच्या (वळणावरच्या जोडाच्या) किंवा सॉकेटच्या (सरळ जोडाच्या) तोंडाशी दिसतो. पितळी कॉक लागून असेल तर तिथे लोखंड आणखी लवकर खातं. संडास-बाथरूमच्या फरशीखालच्या खड्ड्यात विटांच्या भरावात गाडलेला पाइप तर बाहेरूनही सडत असतो.

नारायण पेठेतल्या एका दुसऱ्या मजल्यावर शॉवरमागचा एल्बो सोडवत होतो. पाना लावला तेव्हाच अंदाज आला. आटे सुटताना कुरकुरतात, हा नुसता दबला. पाइपचा तुकडा बाहेर आला आणि त्यातून तांबूस चिखल हातावर ओघळला. अर्ध्या इंची पाइपचं भोक पंधरा मिलिमीटरचं असतं. इथे गंजाच्या गाठी चारी बाजूंनी वाढून मध्ये पेन्सिल जेमतेम जाईल एवढी वाट उरली होती. घरातल्या काकू प्रेशर पंप बसवायच्या विचारात होत्या. बसवला असता तर त्याच रात्री भिंतीतले सांधे उघडले असते. पाणी कमी येतं म्हणून जुन्या जीआयला पंप लावणं हा सगळ्यात महागडा इलाज आहे.

पाणी कमी येतं तेव्हा आधी मोजा, किती नळांना कमी येतं. एकाच नळाला असेल तर तोंडाची जाळी काढून धुवा, अँगल कॉक बघा, पाइपला दोष देऊ नका. सगळ्या नळांना एकदम, एका दिवसात कमी झालं तर बहुतेक गेट व्हॉल्व्हची आतली गेट (पाणी अडवणारी चकती) पडलेली असते किंवा लाइनीत हवा भरलेली असते. वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत आलं असेल तर पाइप आतून भरत आलाय. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर हे लवकर होतं, खडकवासला धरणाच्या पाण्यावर उशिरा. वरच्या मजल्याला टाकी जवळ असल्याने दाब मुळातच कमी असतो. दहा मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब, हे गणित त्यांनी लक्षात ठेवावं.

सकाळच्या पहिल्या पाण्याचा रंग बघत जा. पहिली अर्धी बादली तांबूस आणि मग स्वच्छ, तर गंज तुमच्या घरातल्या पाइपात आहे, रात्रभर पाणी त्यात उभं होतं. दिवसभर, सगळ्या नळांना तांबूस असेल तर टाकी किंवा बाहेरची लाइन. फक्त गरम पाणीच तांबूस असेल तर गिझर उघडा.

जीआयबद्दल माझं मत पक्कं आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या लाइनीत गळती लागली आणि पाणीही तांबूस येत असेल तर तेवढाच तुकडा बदलून भागत नाही. एक सांधा फिरवायला गेलं की पुढचे दोन हलतात. क्लॅम्प मारून किंवा एपॉक्सीची पुटी थापून महिना-दोन महिने काढा, लग्नकार्य उरकून घ्या, पण लाइन बदलायची हे ठरवून टाका.

प्लॅस्टिकच्या पाइपांचं वेगळं आहे

सीपीव्हीसी गंजत नाही. तो गळला तर बहुधा जोडणाऱ्याची चूक असते: पाइप फिटिंगमध्ये पूर्ण आत गेला नाही, चिकटवायचं सोल्युशन कमी लागलं, सुकायच्या आत पाणी सोडलं, किंवा पितळी आट्यांचं फिटिंग जोर लावून आवळताना बारीक तडा गेला. त्यामुळे इथे दुरुस्ती पुरते. पण गळणाऱ्या सांध्यावर वरून सोल्युशन फासून उपयोग होत नाही. तेवढा भाग कापून कपलर (दोन तुकडे जोडणारं फिटिंग) टाकून नवा जोड द्यावा लागतो. एकाच घरात वेगवेगळ्या ठिकाणी सांधे सुटायला लागले तर समजा, मूळ कामच घाईत झालंय, मग सगळं काढलेलं बरं. गच्चीवर उन्हात उघडा पडलेला पाइप पिवळा आणि ठिसूळ होतो. करवत लावताना तुकडे उडत असतील तर तो बदलाच.

गिझरजवळ पांढरा यूपीव्हीसी दिसला तर लगेच कुणाला तरी बोलवा. गरम पाणी फक्त गरम लाइनीतच जातं असं नाही. इनलेटला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारा) नसेल किंवा अडकला असेल तर ते उलट गार लाइनीत शिरतं. पांढरा पाइप तिथे मऊ पडून खाली झुकतो, आणि कधीतरी सांध्यातून निसटतो. नुसत्या डोळ्यांनी दिसतं हे. पाइप सरळ रेषेत नसून पोट सुटल्यासारखा दिसतो.

बेसिन आणि फ्लशच्या खालचे कनेक्शन पाइप कुणाच्या मोजणीत नसतात. वरच्या जाळीची तार तुटलेली, नटाशी गंज, किंवा रबर कडक झालेलं दिसलं की बदलून टाका. घरात पाणी भरण्याची कामं मला भिंतीतल्या पाइपांपेक्षा यांच्यामुळे जास्त आली आहेत.

पाणी आल्या आल्या वास येत असेल तर

ही एक खूण अशी, की तिच्यात थांबायचं नाही. महापालिकेचं पाणी वेळेवर येतं आणि पहिली काही मिनिटं ते गढूळ किंवा वासाचं असतं, असं असेल तर रस्त्यावरून तुमच्या टाकीपर्यंतची लाइन बघा. ती बऱ्याचदा गटारातून किंवा ड्रेनेजच्या चेंबरला खेटून जाते. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि बारीकशा भोकातून बाहेरची घाण आत ओढतो. कुणी लाइनीला थेट मोटर लावत असेल तर आणखीच जोरात. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा "आमची लाइन बघून जा" असे खूप फोन आले. उघडून बघितलेल्या लाइनींपैकी काही गटाराच्या पाण्यात बुडालेल्या होत्या. अशा लाइनीला क्लॅम्प मारत बसू नये. ती गटाराबाहेरून, वरच्या पातळीने नवी टाकावी आणि तोवर पाणी उकळून प्यावं.

बदलायचं ठरलं तर

खर्च कुणाचा, यावरून सोसायटीत सभा रंगतात. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक लाइनी, पंप आणि टाक्या सोसायटीने करायच्या, घरातल्या लाइनी सभासदाने. डक्टमधल्या कॉकवर कुठला कॉक कुठल्या घराचा हे ऑइलपेंटने लिहून घ्या. मध्यरात्री गळती लागल्यावर बॅटरी घेऊन शोधण्यापेक्षा बरं.

जीआय काढण्याआधी एक गोष्ट इलेक्ट्रिशियनला दाखवा. जुन्या घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या पाइपला बांधलेली असायची. मध्ये प्लॅस्टिकचा पाइप आला की ते अर्थिंग तुटतं आणि गिझरचा शॉक नळाला उतरू शकतो. वेगळं अर्थिंग झाल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

भिंतीतली मेलेली लाइन उकरून काढायचा हट्ट नको. ती बंद करून टाका आणि नवी लाइन छताजवळून उघडी फिरवा. दिसायला थोडी खटकते, पण पुढच्या वेळी फोडावं लागत नाही. बाथरूमच्या टाइल्स बदलणार असाल तर मात्र त्याच वेळी आतले पाइपही बदला. खर्च फोडण्याचा आणि टाइलचा असतो, त्यामानाने पाइप स्वस्त. वर इटालियन टाइल आणि आत वडिलांच्या काळातला जीआय, अशी बाथरूम मी पुष्कळ फोडली आहेत.

नवी लाइन झाली की प्लास्टरच्या आधी टेस्ट पंप लावून दाब भरायला सांगा आणि काटा रात्रभर जागचा हलत नाही ना, ते सकाळी स्वतः बघा. प्लंबर कुरकुर करेल, करू द्या. मग भिंतीवर मेजर टेप धरून प्रत्येक बाजूचे फोटो काढा, फरशीपासून आणि कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे ते दिसेल असे. पुढे कुणी आरसा लावायला ड्रिल घेऊन आला की त्याला आधी ते फोटो दाखवा. घर विकलंत तर नव्या मालकालाही द्या.