सॅमनच्या पिंजऱ्यातले सफाई मासे जगवायचे कसे

नॉर्वेच्या समुद्रात सॅमनच्या अंगावरच्या उवा खाण्यासाठी पिंजऱ्यात सफाई मासे सोडतात, आणि त्यातले फार मोठ्या संख्येने तिथेच मरतात. तिथल्या अन्नसुरक्षा खात्याने 2018-19 मध्ये देशभर तपासणी केली, तेव्हा मरतूक सुमारे 40 टक्के आढळली. खरा आकडा त्याहून मोठाच असणार, कारण हे मासे लहान, मेल्यावर लवकर कुजतात आणि मोजणीतून निसटतात. एका सॅमनमागे सरासरी 0.5 प्रौढ मादी उवांपेक्षा जास्त भार चालत नाही, वसंतातल्या काही आठवड्यांत तर 0.2. या दबावाखाली सफाई मासा औषधासारखा पाण्यात ओतला जातो. पण तोही पाळलेला जीव आहे. त्यालाही खाणं, आसरा आणि वेळेवर सुटका लागते.

(आपल्याकडच्या रावसाला इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणतात, त्याचा इथे संबंध नाही. इथला मासा अटलांटिक सॅमन.)

पहिला निर्णय जातीचा, आणि तो थर्मामीटर बघून घ्यायचा. लम्पफिश थंड पाण्यातला. 4-5 अंशांतही तो उवा खातो, पण उन्हाळ्यात पाणी 15 अंशांच्या वर गेलं की ढासळतो आणि 18 अंशांना मरू लागतो. बॅलन रॅस, गोल्डसिनी, कॉर्कविंग या रॅस जातींचं उलटं: त्यांना उबदार पाणी मानवतं, 6 अंशांच्या खाली ते फटीत शिरून सुस्त पडून राहतात. म्हणून रॅस शरद ऋतूच्या शेवटी सोडणं म्हणजे त्यांना मरायला सोडणं. जोराचा प्रवाह असेल तिथे लम्पफिश नकोच. गोलमटोल अंगाचा हा मासा पोहण्यात कच्चा आहे, पोटावरच्या चकतीने चिकटून राहणं हीच त्याची विश्रांती.

संख्या साधारण 100 सॅमनमागे 5 ते 10 धरतात. 2 लाख सॅमनच्या एका पिंजऱ्यात म्हणजे किमान 10,000. एवढ्यांना खाऊ घालायची आणि उपचाराआधी बाहेर काढायची सोय नसेल, तर कमी सोडा.

बोटुकली घेताना पेटीतले 30 तरी मासे हातात घेऊन पाहा. लम्पफिशची चकती नीट घडलेली आहे का, ओल्या गुळगुळीत पाटीला तो चिकटतो का, शेपटीचे पर कुरतडलेले आहेत का, डोळ्यांत मोतीबिंदूसारखी सफेदी आहे का. कुरतडलेली शेपटी दिसली की समजा, हॅचरीत लहान-मोठे वेळेवर वेगळे केलेले नाहीत. अॅटिपिकल फुरुन्क्युलोसिस आणि व्हिब्रिओसिस या जिवाणूजन्य रोगांवरच्या लसीची तारीख आणि त्यानंतरचे अंश-दिवस (पाण्याचं तापमान गुणिले दिवस) लेखी मागा. प्रतिकारशक्ती तयार होण्याआधी मासा समुद्रात गेला तर लस वाया. पिंजऱ्याच्या जाळ्याचा तुकडा जवळ ठेवा आणि सगळ्यात लहान माशाचं डोकं त्यातून जातं का ते तपासा. डोकं गेलं तर मासा पळतो किंवा अडकून मरतो.

समुद्रातून पकडलेले रॅस दुसऱ्या भागातून आणताना आणखी जपावं लागतं. 2012 मध्ये शेटलंडमध्ये रॅसमध्ये व्हीएचएस हा माशांचा घातक विषाणू सापडला होता. शिवाय दुरून आणलेला कॉर्कविंग निसटून स्थानिक माशांत मिसळतो.

मासे सोडण्याच्या आधीच आसरे टांगलेले हवेत. रॅससाठी केल्पसारख्या (लांब पट्ट्यांचं समुद्री शेवाळ) प्लास्टिक पट्ट्यांचे जुडगे, लम्पफिशसाठी गुळगुळीत रुंद पाट्या. दोन्ही जाती रात्री विसावा घेतात, जागा नसेल तर रात्रभर जाळ्याला घासत राहतात. भरती-ओहोटीच्या मधल्या, पाणी थांबलेल्या वेळी, थेट आसऱ्यापाशी हळू सोडा. मासे आणलेली टाकी आणि समुद्र यांच्या तापमानात फरक असेल तर आधी टाकीत समुद्राचं पाणी मिसळत तो मिटवा. ऑक्सिजन 70 टक्के संपृक्ततेखाली गेला तर थांबा. उवा आत येऊ नयेत म्हणून पिंजऱ्याभोवती लावलेल्या ताडपत्रीच्या घेरात तो अनेकदा कमीच असतो.

आता खाद्य, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. “उपाशी ठेवला तर उवा जास्त खाईल” हा समज घातक आहे. उपाशी लम्पफिश आधी खंगतो, मग जखमी होतो, मग रोगाला बळी पडतो. पहिल्या दिवसापासून त्याला त्याचं वेगळं खाद्य हवं, वजनाच्या सुमारे 2 टक्क्यांपासून सुरुवात करा: 30 ग्रॅमचे 10,000 मासे म्हणजे 300 किलो, म्हणजे रोज 6 किलो. ते आसऱ्यापाशीच, दिवसा, थोडंथोडं अनेकदा पडायला हवं. नाहीतर सॅमन आधी गट्टम करतात. खाचा पाडलेले खाद्याचे ठोकळे टांगले तर मासा चिकटून सावकाश कुरतडतो. रॅसला जठरच नसतं, त्यामुळे एकदाच भरपूर देऊन उपयोग नाही. अतिखाद्यही वाईट: लम्पफिश झपाट्याने वाढतो, आणि मोठा लम्पफिश उवांकडे फारसा वळत नाही.

जाळ्यावर शेवाळ आणि हायड्रॉइड (झुडपासारखे वाढणारे, डंख करणारे बारीक समुद्री जीव) चढले की सफाई मासा तेच खातो, उवांकडे बघत नाही. म्हणून थर पातळ असतानाच धुवा. जाड थर फोडला तर त्याचे तुकडे माशांचे कल्ले जाळतात. आसरे मात्र एका वेळी निम्मेच धुवायला काढा.

रॅसला बंद वाताशय (तरंगण्यासाठीची पोटातली हवेची पिशवी) असतो. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथून झटक्यात वर आणलेल्या माशातला वायू फुगून दुप्पट होतो: डोळे बाहेर, पोट ताणलेलं. जाळं, सापळा, आसरा काहीही उचला, टप्प्याटप्प्याने. लम्पफिशला वाताशय नाही, ही भीती तिथे नाही.

उवा काढायची यंत्रं हा सफाई माशांचा सगळ्यात मोठा कत्तलखाना. 28 ते 34 अंशांचं गरम पाणी, पाण्याचे जोरकस फवारे, हायड्रोजन पेरॉक्साइड हे सगळं सॅमनसाठी ठरवलेलं आहे, या माशांसाठी नाही. त्यांना आधी बाहेर काढणं बंधनकारक आहे. एक-दोन दिवस आधी आमिषाचे सापळे लावून रॅस गोळा करा. लम्पफिश चिकटलेले आसरे हळू उचलून थेट टाकीत रिकामे करा. सॅमन गोळा करताना उरलेले बिनगाठीच्या जाळीने टिपायला माणूस ठेवा, आणि सॅमन यंत्रात ओढणाऱ्या पंपानंतर छोटे मासे खाली पडतील अशी गजांची चाळण लावा. लम्पफिश पंपाच्या नळीच्या आतही चिकटतो, नळी शेवटी तपासा.

मेलेले रोज काढा. प्रत्येकापुढे जात आणि दिसलेलं कारण लिहा: खंगलेला, जखम, डोळा, फुगलेलं पोट. दर पंधरवड्याला 20-30 जिवंत माशांचं वजन, पर, डोळे, चकती पाहा. सोडलेले वजा मेलेले वजा काढलेले, हा हिशेब जुळत नसेल तर जाळ्यात भोक आहे किंवा मेलेले नजरेतून सुटताहेत.

सॅमन काढणीला जाण्याआधी उरलेले सफाई मासे वेगळे करून भुलीच्या औषधाच्या जास्त मात्रेने मारतात, मात्रा मत्स्य-आरोग्य तज्ज्ञाकडून घ्यावी. बर्फात टाकणं किंवा डेकवर तडफडत सोडणं चालत नाही. सॅमनच्या पुढच्या पिढीत तेच मासे घालू नका. जुन्या पिढीतला रोग त्यांच्याबरोबर नव्या पिंजऱ्यात जातो.