देवाचे आभार मानता, तरी आतून कोरडंच वाटतं? या चुका टाळा

"रोज दिवा लावतो, हात जोडतो, 'देवा तू खूप दिलं' म्हणतो, पण खरं सांगू का, आतून काहीच वाटत नाही" असं सांगणारे बरेच जण भेटतात. आता यात श्रद्धा कमी पडून राहिली असं नाही हो, बहुतेक वेळा पद्धतच चुकते.

पहिली चूक: ठोक भावात आभार

'सगळ्यासाठी थँक्यू देवा' म्हटलं की झालं, मोकळे. पण 'सगळं' म्हणजे काय ते तुमच्याच डोळ्यापुढे नसेल तर मन भरून येणार कसं? पोळा आठवा जरा. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात, हळद-तूप लावून चोळतात, म्हणजे वर्षभर जू जिथं घासलं नेमका तिथंच हात जातो आणि मग बैलाला रीतसर सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. कुणाचे आणि कशासाठी आभार मानतोय यात काही गोंधळच नाही. आपल्या नागपुरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात, घरोघरी बोजारा म्हणजे खाऊ-पैसे गोळा करतात, मजा येते, पण तो खांदा शेकायचा भाग मात्र आपल्यापर्यंत आलाच नाही.

तर करायचं काय, एकच गोष्ट धरायची अन तिच्या मागं मागं जायचं. नळाचं पाणी घ्या. नागपूरचं बरंचसं पाणी पेंच नदीचं, म्हणजे पाऊस पडतो तिकडे मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या डोंगरांत, तोतलाडोहच्या धरणात अडतो, तिथून नवेगाव खैरीच्या धरणात, मग गोरेवाड्याला शुद्ध होतं आणि तेव्हा कुठं तुमच्या कूलरच्या टाकीत पडतं, आणि आपण टाकी भरताना कुरकुर करत असतो की प्रेशर कमी आहे! मे २०१३ मध्ये इथं पारा ४७ च्या वर गेला होता, तशा उन्हात दोन बादल्या पाणी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. देवानं पाऊस दिला, पण तो घरापर्यंत आणणारे पंपावरचे, व्हॉल्ववरचे लोक पण त्याच देण्यात आले ना? त्यांना वगळून आभार मानले की ते हवेतच राहतात.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट: दुसऱ्याचं वाईट बघून आभार

सप्टेंबर २०२३ ची ती रात्र आठवते ना, धो धो पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये, अंबाझरी लेआउट, डागा लेआउटकडे लोकांच्या घरात चिखल. अशा वेळी दुसऱ्या मजल्यावरचा माणूस 'देवानं आपल्याला वाचवलं' म्हणतो. वाटणं साहजिक आहे, पण खालच्या मजल्यावर ज्याचं फ्रिज, गाद्या, पोरांची पुस्तकं सगळं भिजलं त्याच्यासमोर हे बोललात तर त्यानं काय समजायचं, देवानं त्याला सोडून दिलं? आपल्यावर कृपा आणि त्याच्यावर कोप असा हिशोब आपण कोण मांडणार. मनात आभार माना आणि वायपर घेऊन खाली उतरा, चहाचा थर्मास पण घ्या सोबत. बस.

मुलांना 'त्या गरीब पोराकडे बघ, तुला किती मिळालं' म्हणून ताट संपवायला लावणं, ते पण ह्याच चुकीचं लहान रूप. त्यातून पोरगा आभार शिकत नाही, फक्त आपण वरचे आहोत एवढं शिकतो.

दुःखात जबरदस्ती

घरात आजारपण आहे, नोकरी गेली आहे आणि वरून कोणीतरी येऊन सांगतो, 'देव करतो ते भल्यासाठीच, आभार मान'. नका ना करू असं. आपले तुकोबा, नामदेव, जनाबाई विठ्ठलाशी चांगले भांडलेत, जनाबाईनं तर त्याला शिव्या पण घातल्यात आणि तरी ती भक्तीच. त्यामुळं सध्या भांडण चालू असेल तर भांडा. आभार नंतर येतील, आपोआप येतील. आणि ज्याच्यावर वेळ आली त्याच्याकडे डबा पोचवा, प्रवचन नको.

नवसालाच आभार समजणं

निकालाच्या आधी टेकडी गणपतीला चकरा, पास झालं की पेढे, आणि मग पुढच्या परीक्षेपर्यंत बाप्पाला सुट्टी. नवस फेडणं चांगलंच, पण तो ठरलेला व्यवहार झाला, न मागता मिळालेल्याचं काय? एखाद्या दिवशी काहीच न मागता जाऊन या. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, तोंडातून मागणं निघतंच, निघू द्या.

सकाळी फुलाचा फोटो टाकून 'आभारी आहे परमेश्वरा' असं स्टेटस ठेवणं याबद्दल जास्त बोलत नाही, ज्याचं त्यानं बघावं.

देवाला थँक्यू, माणसाशी घासाघीस

आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारं संत्रं फुलापासून हातात यायला साधारण आठ-नऊ महिने लागतात. आधी झाडाला पाण्याचा ताण द्यायचा, मग बहार धरायचा, मधेच फळगळ झाली की शेतकऱ्याचं गणित गेलं. एवढ्यातून आलेलं फळ खाऊन आपण म्हणतो देवाची करणी, आणि दहा मिनिटांपूर्वी त्याच फळासाठी हातगाडीवाल्याशी दहा रुपयांवरून वाद घातलेला असतो. भाव करायला ना नाही, पण सुट्टे नाहीत म्हणून त्याच्याकडून दोन जास्तीचे उचलू नका, आणि एखाद्या वेळी विचारा तरी, माल कुठला दादा, काटोलचा का कळमेश्वरचा? यंदा बहार कसा होता हे तुमच्या ऑफिसात कोणालाच माहीत नसेल, त्याला माहीत असतं.