रिस्टोअर केलेली मसल कार घेताय? रंग पाहून इसार देऊ नका

लालभडक रंग, बॉनेटवर दोन काळे पट्टे, बंपरच्या क्रोममध्ये आपला चेहरा दिसावा अशी चकाकी. दोन वर्षांपूर्वी ओहायोतल्या एका विक्रेत्याच्या शेडमध्ये अशी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल उभी होती, मसल कार म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनची जुनी अमेरिकन गाडी. जाहिरातीत लिहिलं होतं, 'एसएस ३९६, फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन, नंबर्स मॅचिंग'. म्हणजे शेव्हेलची ३९६ इंजिनवाली दमदार आवृत्ती, बॉडी चेसिसवरून उतरवून नव्यासारखी केलेली आणि कारखान्यातलंच मूळ इंजिन असलेली. माझ्या मित्राने नुसते फोटो पाहून इसार पाठवला आणि मग मला फोन केला, "दादा, एकदा नजर टाकायला चल ना." मी मिशिगनला राहतो आणि मित्रांबरोबर अशा गाड्या तपासायला बरीच वर्षं जातोय. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा याच उलट्या क्रमामुळे.

एसएसचा बिल्ला पाहून विश्वास ठेवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. १९६६ ते १९६८ मध्ये एसएस ३९६ ही शेव्हेलची स्वतंत्र मालिका होती आणि तिचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १३८ ने सुरू व्हायचा. १९६९ पासून एसएस हे वरून घ्यायचं पॅकेज झालं. त्यामुळे १९७० च्या खऱ्या एसएस कूपेचा नंबर १३६३७ ने सुरू होतो आणि साध्या व्ही-८ मालिबू (शेव्हेलचंच साधं मॉडेल) कूपेचाही १३६३७ नेच. नंबर काहीच सांगत नाही. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवर रंगाचा कोड, सीटच्या कापडाचा कोड, गाडी कोणत्या महिन्याच्या कोणत्या आठवड्यात बनली हे कळतं, पण एसएस आहे की नाही ते तिथेही नसतं. बिल्ले, पुढची जाळी, पट्टे, गोल मीटरचा डॅशबोर्ड, सगळं आज नवं विकत मिळतं.

म्हणून कागद मागा. कारखान्यातली बिल्ड शीट पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते. वॉरंटीच्या पुस्तिकेत प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची उठावदार अक्षरांची छोटी धातूची पट्टी असायची, तीही पुरावा आहे. गाडी मुळात कॅनडात विकली गेली असेल तर जीएम कॅनडाकडून तिची नोंद मिळू शकते. यातलं काहीच नसेल तर ती मालिबू आहे असं समजूनच किंमत बोला. मागच्या अॅक्सलच्या झाकणाचे बोल्टही मोजा. एसएस ३९६ ला बारा बोल्टचा अॅक्सल यायचा. दहा निघाले तर शंका घ्या. बारा निघाले तरी निर्धास्त होऊ नका, कारण अॅक्सल बदलता येतो.

प्रत्येक कंपनीचं हे गणित वेगळं आहे. १९६६ ते १९७१ ची खरी पाँटियाक जीटीओ २४२ ने सुरू होते. १९७० च्या डॉज चार्जरच्या नंबरात पाचवं अक्षर आर असेल तर ती ४२६ हेमी इंजिनासह कारखान्यातून निघालेली. १९७० च्या शेव्हेलवाल्यांना ही सोय नाही.

'नंबर्स मॅचिंग' हे शब्द न तपासता मान्य करणं

इंजिनच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या खाली, एक छोटा सपाट भाग असतो. त्यावर इंजिनचा कोड आणि गाडीच्या व्हीआयएनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. टॉर्च तिरपा धरून तो नीट बघा. कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा तिथे दिसायला हव्यात. ओहायोच्या गाडीत तो भाग आरशासारखा गुळगुळीत होता, नख फिरवलं तरी रेघ लागेना, आणि आकडे मात्र कोरे करकरीत. जुना नंबर घासून नवा ठोकलेला असू शकतो, किंवा इंजिन मशीनवर घेताना तो भाग छिलला गेला असेल. मग आम्ही ब्लॉकवरची ओतीव तारीख शोधली. पहिलं अक्षर महिना, मग दिवस, शेवटी वर्षाचा एकच आकडा. तिथे होतं डी १४ २, म्हणजे १४ एप्रिल १९७२. १९७० च्या गाडीत १९७२ चा ब्लॉक. विक्रेता म्हणाला, मूळ इंजिन लवकर खराब झालं होतं. असेलही, पण मग 'मॅचिंग' कसं?

रंगाखाली काय आहे ते न बघणं

खिशात रुमाल आणि एक साधं चुंबक ठेवा. रुमालात गुंडाळून ते मागच्या चाकामागे, मागच्या काचेच्या कडेला, दरवाजांच्या खालच्या कडांना फिरवा. त्या गाडीच्या मागच्या चाकामागे चुंबक हातातून सुटून खाली पडलं. तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली होती. मिशिगन, ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे इथल्या गाड्या खालून सडतात. डिकीतला गालिचा उचला, मागच्या काचेतून पाणी झिरपल्याचे डाग बघा. गाडी लिफ्टवर चढवून मागच्या अॅक्सलवरून वळणारी चेसिस स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

आणि 'फ्रेम-ऑफ' या शब्दाबद्दल: शेव्हेल आणि जीटीओला पूर्ण चेसिस आहे, तिथे हा शब्द चालतो. मस्टँग किंवा डॉज चार्जरला सुटी चेसिसच नाही. अशा गाडीची कोणी फ्रेम-ऑफ म्हणून जाहिरात केली असेल तर त्याला बाकीचं काम किती कळलं असेल, याचा विचार करा.

गरम इंजिन चालू करून दाखवलं तर खूश होणं

पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर थंड होईपर्यंत थांबा, चहा पिऊन या. थंड सुरू करताना निळा धूर येऊन लगेच थांबला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. पांढरा, गोडसर वासाचा धूर येतच राहिला तर कूलंट जळतंय, हेड गॅस्केट संशयात. सिग्नलवर उभी असताना तापते पण हायवेवर ठीक राहते, तर फॅन किंवा त्याचं आवरण बघा. हायवेवर तापत असेल तर रेडिएटर तुंबलाय किंवा खालचा पाइप आत ओढला जातोय. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर जुना रबरी ब्रेक-होज आतून फुगलेला असू शकतो. बाहेरून तो चांगलाच दिसतो.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि साल. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) व्हीआयएन आणि काचेतून दिसणारा व्हीआयएन एकेक आकडा जुळवा. हे दोन मिनिटांचं काम आहे.

मित्राला इसाराचे निम्मे पैसे परत मिळाले. नंतर त्याने १९७० चीच मालिबू घेतली, ३५० इंजिनची, मालिबू म्हणूनच विकायला काढलेली आणि मालिबूच्याच भावात. मागच्या ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या फेरीला, गर्दीत बंद केली आणि पुन्हा सुरूच होईना, नुसता खट्ट आवाज. गाडीला हेडर्स (इंजिनमधला धूर बाहेर नेणारे नळ) बसवलेले होते, त्यांच्या उष्णतेने स्टार्टर तापून बसला होता. अर्धा तास सावलीत थांबलो, पुढच्या शनिवारी त्याला उष्णतारोधक पत्रा लावला आणि इंजिनची अर्थ केबल बदलली. त्यानंतर ती एकदाही अडली नाही.