मावशी, अमेरिकेत कार्ड टेकवताना

मावशी, रत्नागिरीतून निघण्याआधीच बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचं ‘इंटरनॅशनल’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ दोन्ही चालू कर. तिकडे आपल्या मिरकरवाडा बंदरावरच्यासारखा क्यूआर शोधत बसू नकोस. मशीनवर चार वक्र रेघा दिसल्या की आधी रक्कम वाच, मग कार्ड टेकव. टिंग वाजेपर्यंत हलवायचं नाही. डॉलर की रुपये असं विचारलं तर डॉलरच! रुपयांचा दर बहुतेक वेळा महागच पडतो.

आयफोनने द्यायचं तर दादाचं तिथलं कार्ड त्यात घालून घे. बाजूचं बटण दोनदा दाब, चेहरा दाखव, फोनचा वरचा भाग मशीनजवळ धर.

पेट्रोलपंप मात्र झिप कोड, म्हणजे तिथला पिनकोड, मागतो. तो पाच आकडी, आपला ४१५६१२ त्यात मावायचा नाही. सरळ आत काउंटरवर जा. आणि कॉफीवाल्याने टिपेचा स्क्रीन फिरवला तर लाजू नकोस, ‘नो टिप’ही असतं.