इनलाइनिंगची लिमिट वाढवताय? आधी या चुका टाळा

इनलाइनिंग म्हणजे कंपायलरने फंक्शनला कॉल करण्याऐवजी त्याचा कोडच कॉलच्या जागी चिकटवणं; किती मोठ्या फंक्शनपर्यंत हे करायचं, ती लिमिट. प्रोग्रॅम मनासारखा पळेना की पहिला हात मेकफाइलवर, म्हणजे कंपायलरला सूचना देणाऱ्या फाइलवर. क्लँग या कंपायलरचा ‘इनलाइन-थ्रेशोल्ड’ (हीच ती लिमिट) सरसकट २००० करायचा, एका फंक्शनचा बेंचमार्क सुधारला की कमिट करून मोकळं व्हायचं. महिन्याभराने अख्खा प्रोग्रॅम मंदावला की तेव्हा त्या ओळीची कुणालाच आठवण नसते.

हा आकडा ओळींचा नाही. क्लँगचा गाभा असलेला एलएलव्हीएम साधारण दर इन्स्ट्रक्शनला ५ किंमत लावतो, आत आणखी कॉल असला तर त्याचा २५ दंड वेगळा. ऑप्टिमायझेशनच्या पातळ्यांपैकी वेगासाठीच्या ‘ओ-टू’ला मर्यादा २२५, ‘ओ-थ्री’ला २५०; आकार लहान ठेवणाऱ्या ‘ओ-एस’ला ५०, ‘ओ-झेड’ला ५. म्हणजे २२५ मध्ये साध्या इन्स्ट्रक्शन जेमतेम ४५. २००० केलेत की चारशे, आणि त्या फक्त तुमच्या लाडक्या लूपमध्ये नाही, तर स्टार्टअपच्या आणि एररच्या कोडमध्येही ओतल्या जातात. एल-वन इन्स्ट्रक्शन कॅश (चालू कोड ठेवणारी प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) बऱ्याच प्रोसेसरांवर ३२ केबी असते. चिमुकला बेंचमार्क तेवढ्यात मावतो, खरा प्रोग्रॅम मावत नाही. म्हणून बदलाच्या आधी आणि नंतर ‘पर्फ स्टॅट’ने आय-कॅश (तीच इन्स्ट्रक्शन कॅश) आणि आय-टीएलबी (कोडचे पत्ते लक्षात ठेवणारी कॅश) यांचे मिस, म्हणजे हवं ते तिथे न सापडण्याचे प्रसंग मोजा, ‘साइज’ने टेक्स्ट सेक्शन, म्हणजे कोडचा आकार बघा. नुसतं घड्याळ लावणं म्हणजे मोजणं नव्हे.

वेग गेला तर निदान दिसतो. स्टॅकचं, म्हणजे चालू कॉलचा तात्पुरता डेटा ठेवणाऱ्या मेमरीचं दुखणं चोरपावलांनी येतं. लिनक्स कर्नलमध्ये यावर उपाय म्हणून ‘नोइनलाइन फॉर स्टॅक’ असं खास मॅक्रोच आहे. होतं असं: एक फंक्शन तीन मदतनीसांना बोलावतं, त्यातल्या क्वचित लागणाऱ्या एकात ५१२ बाइटांचा बफर असतो. तो मदतनीस वेगळा असेपर्यंत बफर त्याच्या कॉलपुरता जगतो. इनलाइन झाला की बफर बोलावणाऱ्याच्या फ्रेममध्ये (स्टॅकवरच्या त्याच्या वाट्यात) मुक्कामाला येतो. मग तेच फंक्शन दुसऱ्या वाटेने दहा पातळ्या खोल गेलं तरी ५१२ बाइट अडकलेलेच, वापर शून्य. एक्स८६-६४ वर कर्नलचा स्टॅक आधी ८ केबी होता, २०१४ च्या ३.१५ आवृत्तीपासून १६ केबी. अशा चैनीला तिथे जागा नाही. लिमिटला हात लावण्याआधी फ्रेम ठरल्यापेक्षा मोठी झाली की सांगणारी ‘डब्ल्यूफ्रेम-लार्जर-दॅन’ ही वॉर्निंग चालू करा. मर्यादा कितीही ठेवा, पण ठेवा.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: कंपायलर नकार का देतोय हे न वाचता त्याच्याशी भांडणं. क्लँगला ‘आरपास-मिस्ड=इनलाइन’ द्या, जीसीसी या दुसऱ्या कंपायलरला ‘एफऑप्ट-इन्फो-इनलाइन-मिस्ड’; नकाराचं कारण छापून येतं. समजा क्लँगने किंमत ३१० आणि मर्यादा २२५ दाखवली. उतावीळ माणूस लिमिट ३१५ करतो. त्याऐवजी फंक्शन उघडा. ते वाढत्या अ‍ॅरेत घटक टाकणारं ‘पुश’ आहे असं धरू. दरवेळी चालणारा भाग एवढाच: जागा आहे का बघणं, घटक ठेवणं, मोजणी एकने वाढवणं. बाकी सगळं जागा संपल्यावरचं: नवी मेमरी, कॉपी, जुनी सोडणं, मेमरी न मिळाल्यास संदेश. हे चार कॉल, म्हणजे शंभर तर दंडातच गेले. तो सगळा भाग ‘ग्रो’ नावाच्या फंक्शनमध्ये काढा आणि त्याला ‘नोइनलाइन’ (इनलाइन करू नको) आणि ‘कोल्ड’ (क्वचित चालतं) लावा. उरलेलं पुश मूळच्या मर्यादेत आरामात बसतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण आकडा बदलायला पाच सेकंद लागतात ना!

बाकीच्या चुका थोडक्यात.

फंक्शनआधी लिहायचा ‘इनलाइन’ हा शब्द आदेश नाही. जीसीसी १० पासून ‘ओ-टू’ला न सांगता इनलाइन करायची मर्यादा १५ आणि शब्द लिहिलेल्यांची ७०, ‘ओ-थ्री’ला ३० आणि २००.

जीसीसीच्या ‘एफइनलाइन-लिमिट’ला ६०० दिलेत की या दोन्ही मर्यादा ३०० होतात. तुम्ही निवडून खूण केलेलं आणि न केलेलं, सगळं एका पंगतीत.

‘ऑलवेज इनलाइन’ ही सक्तीची खूण दोन-तीन ओळींच्या फंक्शनापुरतंच. जमलं नाही तर जीसीसी थेट एरर देतो, आणि ते बरंच आहे.

एलटीओ (लिंक करताना सगळ्या फाइलींचं एकत्र ऑप्टिमायझेशन) वापरत असाल तर क्लँगचा थ्रेशोल्ड लिंकरलाही द्या. लिंकच्या वेळचं इनलाइनिंग स्वतःचीच मर्यादा बघतं.

आणि प्रोफाइल (कोणता कोड किती वेळा चालतो याची नोंद) न घेता लिमिटशी खेळूच नका. प्रोफाइल दिलं की एलएलव्हीएम गरम (वारंवार होणाऱ्या) कॉलला आपणहून ३००० पर्यंत जातो आणि थंड (क्वचित होणाऱ्या) कॉलला ४५ वर रोखतो. तुमच्या सरसकट २००० ला हा फरक कधीच कळणार नाही.

एवढं करूनही आकडा बदलावाच लागला, तर फक्त त्या एका फाइलपुरता बदला. शेजारी कॉमेंटमध्ये कंपायलरची आवृत्ती, आधीचे आणि नंतरचे आकडे लिहा, आणि आवृत्ती बदलली की ती ओळ काढून पुन्हा मोजा.